बेल्फर्डच्या मैदानाची ताडपत्री

मित्रांनो, कोळशाच्या ढिगावर पसरलेली, कडांना उसवलेली आणि बुरशीचा वास मारणारी एखादी जुनी ताडपत्री तुमच्याशी बोलू लागली, तर दचकू नका. ती मीच. आज माझे तुकडे झाले आहेत, आणि बोलतो आहे तो त्यातला सगळ्यात मोठा. पण एके काळी मी मैदानाचा अख्खा मधला चौकोन झाकत असे. ओहायो नदीच्या काठी बेल्फर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या बेसबॉल संघाचं नाव होतं बेल्फर्ड पॉटर्स, म्हणजे कुंभार. गावात जिकडे पाहावं तिकडे कपबश्या आणि थाळ्या भाजायच्या भट्ट्या, म्हणून संघही कुंभारांचा. खेळाडू पगारी होते. पगार बेताचा होता आणि खेळही बेताचाच होता.

माझा जन्म सर्कशीचे तंबू शिवणाऱ्या कारखान्यात झाला. जाड सुती कापडाचे पट्टे जोडून, त्यांना तेल आणि मेण चोळून मला तयार केलं. माझ्याच ताग्यातल्या दुसऱ्या पट्ट्यांचे तंबू झाले. त्यांच्याखाली हत्ती नाचले, बाया दोरीवरून चालल्या, लोकांनी टाळ्या पिटल्या. माझ्या वाट्याला आला तो पाऊस आणि चिखल. मी बेल्फर्डला आले तेव्हा दहा-बारा माणसांनी मला गाडीतून उतरवलं आणि त्यातला एक जण म्हणाला, "बाप रे, ही तर माझ्या सासूपेक्षा जड आहे!" माझं स्वागत ते एवढंच.

माझं काम सोपं होतं. एरवी मी एका लांब लाकडी रुळाला गुंडाळून कुंपणाशी पडून राहायची. पाऊस आला की माणसं मला ओढत मैदानात न्यायची आणि आतल्या चौकोनावर पसरायची. बेसबॉलमध्ये सगळा जीव त्या चौकोनात असतो, मधे गवत आणि भोवती धावायची माती. तिथली माती भिजली की धावणारा घसरतो, चेंडू वाटेल तिकडे उडतो आणि खेळ बंद पडतो. म्हणून मला आणलं. पण मला कुणी जीव लावला असं मात्र म्हणता येणार नाही. मी मैदानात आले म्हणजे खेळ थांबला, हे लोकांना पाठ झालं होतं. मला पसरताना प्रेक्षक हाय हाय करायचे आणि मला काढताना टाळ्या वाजवायचे. आयुष्यभर मला टाळ्या मिळाल्या त्या मी निघून जाते म्हणून.

मला माणसात धरणारी दोनच माणसं होती. एक ओरिन व्हास्को, मैदान राखणारा. तरुणपणी तो भट्टीत कामाला होता. तिथल्या धुळीने छाती धरली तेव्हा डॉक्टरांनी उघड्या हवेत काम कर म्हणून सांगितलं. तो मैदानावर आला आणि मैदानाचाच होऊन राहिला. गवतावर कुणी सिगारेटचं थोटूक टाकलं तर तो असा बघायचा की टाकणारा मुकाट्याने वाकून ते उचलायचा. दुसरी त्याची बायको रोझाली. मैदानामागच्या खोलीत दोघांचा संसार होता. मी कुठे फाटले की रोझाली पालथ्या बादलीवर बसून, हातभर सुईने मला ठिगळ लावायची आणि तोंडाने नवऱ्याला टोचत राहायची.

"तुझ्या पँटचं ढोपर फाटलंय महिनाभर. आधी हिचं ठिगळ, मग तुझं."

"बरोबर आहे," ओरिन म्हणायचा. "माझ्या ढोपरावर कुणी खेळत नाही."

आता त्या वर्षाचं सांगते. त्या वर्षी गावात घराघरांत टेलिव्हिजन आले होते. संध्याकाळी लोक जेवणाच्या थाळ्या मांडीवर घेऊन मोठ्या शहरांतले सामने घरबसल्या बघत. आमच्या बाकांवर कबुतरं जास्त आणि माणसं कमी. संघाचे मालक होलिस बॅगली म्हणून होते. माणूस वाईट नव्हता, पण थकला होता. हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांनी सगळ्यांना मैदानात उभं करून सांगितलं, "यंदा तुम्ही तळाला गेलात, तर पुढल्या वर्षी संघ नाही. खालून दुसरे आलात तरी चालेल. मी काही फार मागत नाही."

खालून दुसरे! मित्रांनो, इतकी लहान आशा मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. पण तीसुद्धा आम्हाला पेलवेना.

वसंत ऋतूतच पहिले सामने पाठोपाठ गेले. कधी शेवटच्या डावात झेल सुटला, कधी आमचाच खेळाडू आमच्याच खेळाडूला धडकला. त्यातल्या त्यात एक ओडेल क्रम नावाचा पिचर होता. शेतावरचा उंच, लाजरा मुलगा. त्याच्या हातून चेंडू सुटला की समोरचा फलंदाज नुसता हवा झोडायचा. ओडेलच्या जिवावर आम्ही मे आणि जूनमध्ये बरे जिंकलो. आणि तिथेच गाव काळजीत पडलं. कारण आमच्यासारख्या लहान संघांची रीतच अशी की, मुलगा चांगला खेळला की वरचा मोठा संघ त्याला उचलून नेतो. त्यामुळे बेल्फर्डचे लोक चर्चमध्ये देवाजवळ मोठं अवघड मागणं मागायचे, की पोरांना चांगलं खेळू दे, पण फार चांगलं नको.

देवाने अर्धंच ऐकलं. जुलैमध्ये ओडेलला वरून बोलावणं आलं. तो पेटी घेऊन निरोप घ्यायला आला तेव्हा ओरिन चेंडू टाकायच्या उंचवट्यावर माती ठोकत होता.

"जातोस?" त्याने वर न बघताच विचारलं.

"जावं लागेल काका. आई म्हणते असा योग पुन्हा येत नाही."

"जा, जा. हा उंचवटा तुझ्या पावलाला बेतून केला होता. आता पुन्हा मोडायला लागणार." मग माती ठोकतच म्हणाला, "तिकडचा उंचवटा पायाला नीट बसला नाही तर सांग त्यांना. गप्प बसू नकोस."

ओडेल गेल्यावर पॉटर्सचं जे काही झालं ते सांगायला मला आवडत नाही. ऑगस्टभर आम्ही हरलो. ज्या दिवशी वाटायचं की आज पाऊस येईल आणि सुटका होईल, त्या दिवशी आभाळ निरभ्र असायचं. मी रुळावर पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. खेळाडू आपसांत भांडू लागले. संघाचा प्रशिक्षक लेस्टर प्रूइट तंबाखू चघळत म्हणायचा, "अरे, मार्लोवाले आपल्यापेक्षा वाईट आहेत, एवढाच आपला आधार." मार्लो हे नदीपलीकडचं गाव. त्यांचा संघ सगळ्यात तळाला होता आणि आम्ही त्यांच्या जेमतेम वर, अर्ध्या सामन्याच्या, म्हणजे एकाच पराभवाच्या फरकाने. आणि हंगामाचा शेवटचा सामना होता तो त्याच मार्लोशी, आमच्या मैदानावर.

हिशोब गावातल्या लहान पोरांनाही ठाऊक होता. जिंकलो तर वाचलो. हरलो तर तळ आणि संघ संपला. पण आणखी एक वाट होती. बेसबॉलमध्ये पाच डाव पुरे व्हायच्या आत पावसाने सामना बंद पडला, तर तो झालाच नाही असं धरतात. हंगाम त्या दिवशी संपत होता, म्हणजे पुन्हा खेळवायचा प्रश्नच नव्हता. सामना धुऊन गेला की आम्ही होतो तिथेच राहणार, खालून दुसरे!

त्या दुपारी गाव लोटलं. अख्ख्या हंगामात तेवढी माणसं आली नव्हती. तिसऱ्या डावातच मार्लोने आमच्या तोंडचं पाणी पळवलं. इतक्या धावांनी आम्ही मागे पडलो की मोजणाऱ्यानेही हात टेकले. बाकांवर सामसूम झाली. आणि चौथ्या डावात नदीच्या बाजूने काळंभोर आभाळ वर आलं. कुणीतरी ओरडलं, "आला रे आला!" आणि एरवी पावसाला शिव्या देणारं ते गाव उभं राहून ढगांना टाळ्या वाजवू लागलं.

थेंब पडू लागले तसे पंचांनी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. थॅडियस क्रू त्यांचं नाव. म्हातारे, कोरडे, नियमाने चालणारे. "मैदान झाका," ते म्हणाले.

ओरिन माझ्याकडे यायला निघाला. वाटेत प्रूइटने त्याचा दंड धरला.

"व्हास्को, तुझी कंबर दुखते ना रे?"

"दुखते कधी कधी."

"आज जरा जास्त दुखू दे. चौकोनाचं तळं होऊ दे एकदा. मग पाऊस थांबला तरी खेळायला येणार नाही कुणी."

मी त्याचा चेहरा बघत होते. या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही चौकोन भिजू दिला नव्हता. ताप असताना, बर्फासारख्या पावसात, रोझाली ओरडत असताना तो मला ओढत आला होता. तेवढाच काय तो त्याचा अभिमान. पण मैदानच राहिलं नाही तर अभिमान कुठे ठेवायचा, असं त्याला वाटलं असावं. तो आला, माझ्या दोरीची गाठ सोडायला वाकला, आणि सोडायच्या ऐवजी त्याने तिला आणखी एक पीळ दिला.

मला धक्का बसला, मित्रांनो. माझा स्वतःचा माणूस मला बांधून ठेवत होता.

त्याचे मदतनीस काय समजायचं ते समजले. एकाने बुटाची नाडी बांधायला काढली. दुसरा हातमोजे विसरलो म्हणून परत गेला. प्रेक्षकांच्याही लक्षात आलं आणि एकच हशा पिकला.

"सावकाश, ओरिन! घाई कसली?"

"आधी चहाकॉफी होऊ दे रे त्यांची!"

"कंबर सांभाळ, म्हाताऱ्या!"

पाऊस वाढला. पंचांनी खिशातून घड्याळ काढलं. मार्लोचे खेळाडू आधी चिडले, मग धावत आले आणि स्वतःच माझी टोकं धरून ओढू लागले. पाहुणे मैदान झाकायला धडपडतायत आणि यजमान ते होऊ देत नाहीत, असा तमाशा कुणी पाहिला नसेल. बेल्फर्डच्या बायका छत्र्या उघडून खाली उतरल्या आणि सरळ माझ्यावर येऊन बसल्या. एक धिप्पाड बाई मार्लोच्या पिचरला म्हणाली, "उठव बघू मला. हात लावून तर बघ." तो बिचारा लाजून मागे सरला. सगळं गाव पोट धरून हसत होतं. मला मात्र हसू येत नव्हतं. मी चौकोनाकडे बघत होते. ओरिनने वर्षभर चाळलेली, दाबलेली ती लाल माती विरघळून वाहू लागली होती.

रोझाली एकटी हसली नाही. डोक्यावर पोतं घेऊन ती नवऱ्यापाशी आली.

"ओरिन, उचल ती."

"तू घरात जा."

"उचल म्हणते ना! तुला हे जमत नाही. खोटं काम करायला आयुष्यभर शिकला नाहीस आणि आज शिकायला निघालास होय?"

"रोझाली, संघ गेला तर मी कुठे जाऊ?"

ती तिथेच त्याच्या शेजारी भिजत उभी राहिली.

थोड्या वेळाने पंच छत्रीशिवाय, संथपणे चालत चौकोनाच्या मधोमध गेले. घोटाभर पाणी साचलं होतं. त्यांनी टोपी काढून पाणी झटकलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "मैदान झाकणं यजमानांचं काम आहे. त्यांनी ते जाणूनबुजून टाळलं. सामना मार्लोला बहाल. बहाल सामन्याच्या नियमाने नऊ विरुद्ध शून्य."

हसू जिथल्या तिथे थांबलं. बायका माझ्यावरून उठल्या आणि आपापले परकर पिळत बाजूला झाल्या. हा नियम होता. तो सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेला होता. पण त्याचा उपयोग कुणी करेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

प्रूइट पंचांच्या मागे धावला. "साहेब, अहो, जरा विचार करा! गावाचा संघ जाईल!"

क्रू फाटकापाशी गाडीची वाट बघत उभे होते. त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. "हा पाऊस थांबायचा आहे असं वाटतं तुम्हाला? मी अर्धा तास वाट बघणार होतो आणि सामना रद्द करून घरी जाणार होतो. तुम्ही मैदान झाकलं असतं ना, तर वाचला होतात."

आणि खरंच, मित्रांनो, तो पाऊस थांबला नाही. संध्याकाळ झाली तरी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही. आम्हाला जे हवं होतं ते आभाळ आपणहून द्यायला आलं होतं. फक्त आम्ही आमचं रोजचं काम करायचं होतं.

लोक निघून चालले. ओरिन मात्र माझ्यापाशी आला, गाठ सोडली आणि एकटाच मला ओढू लागला. ओली मी, किती जड! हातभरही सरकले नाही.

"आता कशाला, ओरिन?" कुणीतरी विचारलं. "संपलं ना सगळं."

"मैदान भिजतंय," तो एवढंच म्हणाला.

काय झालं कोण जाणे, निघालेली माणसं परत फिरली. आधी मदतनीस, मग प्रूइट, मग खेळाडू, मग त्या छत्रीवाल्या बायकासुद्धा. सगळ्यांनी मिळून मला धरलं आणि एका दमात चौकोनावर पसरलं, एकही सुरकुती न ठेवता, चारी टोकांना विटा ठेवून. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकं सुंदर कुणी पसरलं नव्हतं. मी मनात म्हटलं, उशिरा का होईना, माझं काम मला मिळालं. मी खुळी होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला आणि बॅगलीसाहेबांच्या कारकुनाने फाटकाला कुलूप घातलं. जागा विकायचं ठरलंच होतं. ओरिन-रोझालीला खोली सोडावी लागली. ती दोघं तिच्या बहिणीकडे राहायला गेली. मग ऊन पडलं. सप्टेंबरचं ते ऊन पावसानंतर जसं पडतं तसं, कडक आणि स्वच्छ. आणि मी तशीच पसरलेली होते.

मित्रांनो, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. ताडपत्री पावसात गवताला वाचवते आणि उन्हात गवताला मारते. पाऊस थांबला की तिला लगेच काढावं लागतं, नाहीतर खाली वाफ कोंडते आणि गवत उकडून निघतं. ओरिन हे सगळ्यांपेक्षा चांगलं जाणत होता. ऊन पडलेल्या पहिल्याच सकाळी तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

"मला आत सोडा हो," तो कारकुनाला म्हणाला. "फक्त ताडपत्री काढतो. मी एकटा नाही, चार माणसं आणतो. लगेच बाहेर येतो."

"साहेबांचा हुकूम नाही."

"अहो, गवत मरतंय खाली!"

कारकून तसा भला होता. त्याला खरंच कळेना. "पण व्हास्को, त्या गवतावर आता खेळणार कोण?"

ओरिनने जाळीत बोटं अडकवली आणि तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. माझ्याखाली काय चाललं होतं ते मला अंगाला कळत होतं. आधी गवत ऊबदार झालं, मग चिकट, मग त्याला वास येऊ लागला. ज्याला जपायला मला आणलं होतं ते माझ्याच अंगाखाली गुदमरत होतं, आणि मला स्वतःहून तसूभरही हलता येत नव्हतं. वारा आला की मी टोकं फडफडवून बघायची. विटा नीट ठेवलेल्या होत्या.

जागा घेणाऱ्यांची माणसं पुढल्या आठवड्यात आली. त्यांनी मला उचलून बाजूला फेकलं. जाळीबाहेर ओरिन आणि रोझाली उभी होती. सभोवारचं सगळं मैदान पावसाने हिरवंगार झालं होतं. उघडं राहिलेलं गवत तर पूर्वी कधी नव्हतं इतकं माजलं होतं. आणि मधोमध, माझ्या आकाराचा, पिवळा-पांढरा, कुजलेला चौकोन होता.

रोझालीने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "चल," ती म्हणाली. "हे त्यांनी केलं. कुलूप त्यांनी घातलं."

"उघडं टाकलं असतं तर जगलं असतं," ओरिन म्हणाला. "पाऊसच तर होता नुसता."

त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. मला कापून विकलं. मैदानावर गोदाम झालं. मार्लोचा संघही पुढल्या एक-दोन वर्षांत बुडाला असं कोळसा भरायला येणारी माणसं बोलत होती.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण सांगायची असते. माझ्याजवळ मोठी शिकवण नाही, विनंती आहे. जे तुमच्या राखणीत असेल ते झाकायच्या वेळी झाका, कुणी कितीही कानाशी लागलं तरी. आणि झाकलंत तर ते उघडायला तुम्ही उद्या तिथे असाल का, हे आधी बघा. नसाल, तर राहू द्या ते पावसात.